पिंप आणि बाटली



वसंतात भरणाऱ्या या ज्ञानसत्रात आपण वेदान्त ऐकता, अर्थकारण ऐकता, शिवकालाची नवी साधने ऐकता. त्या मानाने आज माझ्या वाट्याला आलेला विषय फारच खालच्या पायरीवरचा, किंबहुना तळघरातला आहे. पिंपातली बिअर बाटलीत कशी भरली जाऊ लागली, याचा इतिहास मी सांगणार आहे. विषयाचे नाव वाचून एका वडीलधाऱ्या स्नेह्यांनी मला विचारले, "प्रात्यक्षिकही आहे काय?" त्यांची निराशा करणे मला भाग आहे. तसेच, मी मद्याची तरफदारी करण्यास उभा राहिलो आहे, अशा समजुतीने कोणी आले असतील तर त्यांचीही निराशाच होईल.

तथापि इतिहासाच्या अभ्यासकाला वस्तूची जात पाहून चालत नाही. मीठ, नीळ, अफू, चहा यांचे इतिहास आपण वाचतो ते त्या पदार्थांच्या गोडीने नव्हे. त्यांच्यामागे राज्ये कशी हलली, माणसे कशी राबली, हे कळावे म्हणून वाचतो. पिंपातून बाटलीत बिअर ओतणे ही वरवर पाहता एका मिनिटाची कृती आहे. परंतु त्या एका मिनिटात पदार्थविज्ञान आहे, सरकारचा महसूल आहे, व्यापाऱ्याची सचोटी आहे, आणि आपल्या घरात आपण काय करावे हे ठरवण्याचा सामान्य माणसाचा हक्कही आहे. माझे म्हणणे थोडक्यात असे : पिंप एका जागी, चारचौघांच्या डोळ्यांसमोर राहते, बाटली दूर जाते. जी वस्तू डोळ्यांआड जाते तिच्याबरोबर तीन गोष्टी पाठवाव्या लागतात. पहिली दाब, दुसरी माप आणि तिसरी नाव. या तिहींपैकी एक जरी सुटली तरी बाटली फुटते, फसवते किंवा मारते.

पहिली गोष्ट : दाब

बाटलीत वायू कोंडणे म्हणजे काय, हे समजण्यास विलायतेस जाण्याचे कारण नाही. आपल्या जत्रेतला सोडावाला आठवा. जाड काचेची, गळ्याशी चिमटलेली बाटली तो लोखंडी पिंजऱ्यात उलटी अडकवतो, वायूची नळी सुरू करतो आणि पिंजरा हाताने गरगर फिरवतो. बाटली बाहेर येते तेव्हा आतली काचेची गोटी तोंडाशी घट्ट बसलेली असते. तिला ना तार, ना बूच. आत कोंडलेला वायूच तिला वर दाबून धरतो. हिरम कॉड नावाच्या इंग्रज गृहस्थाने या बाटलीचे पेटंट १८७२ साली घेतले. तिच्या मायदेशातून ती केव्हाच नाहीशी झाली. आपल्याकडे मात्र गोटीसोड्याच्या रूपाने अजून टिकून आहे. अंगठ्याने गोटी आत ढकलली की काय होते, हे इथल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. सावध नसलेल्याच्या सदऱ्यालाही ते ठाऊक आहे.

बिअरची गोष्ट हीच आहे. फरक एवढाच की सोड्यात वायू बाहेरून घालतात, बिअरमध्ये तो आतच जन्मतो. मोड आणून वाळवलेले सातू गरम पाण्यात भिजवून त्यांचा गोड काढा करतात, त्यात हॉप नावाच्या वेलीची कडवट फुले उकळतात, आणि काढा निवला की त्यात यीस्ट म्हणजे किण्व सोडतात. किण्व साखर खाते आणि दोन पदार्थ मागे ठेवते : एक मद्यार्क, आणि दुसरा तो वायू ज्याला आपल्या जुन्या शालेय पुस्तकांत कर्बद्विप्राणिद म्हणत आणि आता कार्बन डायऑक्साइड म्हणतात. हा वायू उडून गेला की बिअरची चव पाणचट होते. म्हणून बाटली भरणाऱ्याचा सारा खटाटोप एका वायूला धरून ठेवण्यासाठी आहे.

आता अडचण पाहा. मँचेस्टरच्या विल्यम हेन्री या शास्त्रज्ञाने १८०३ साली नियम मांडला की द्रवात विरघळणाऱ्या वायूचे प्रमाण त्या वायूच्या दाबावर अवलंबून असते. दाब काढला की वायू सुटतो. भरल्या पिंपाची तोटी सोडून खाली उघडी बाटली धरली, तर पिंपातला दाब एकाएकी नाहीसा होतो. वायू उसळून बाहेर येतो. बाटलीत निम्मा फेस भरतो, आणि फेस बसला की रिकाम्या जागी हवा शिरते. हवेतला प्राणवायू लागला की बिअर थोड्याच दिवसांत शिळ्या पुठ्ठ्यासारखी लागू लागते.

यावर माणसाने दोन उपाय शोधले. पहिला जुना : बिअर निवांत, जवळजवळ वायूविना, बाटलीत भरायची, तिच्यात थोडी साखर सोडायची, आणि उरल्यासुरल्या किण्वाकडून वायू बाटलीतच तयार करून घ्यायचा. दुसरा नवा : वायूने भरलेली बिअरच पिंपातून बाटलीत न्यायची, परंतु नेण्याआधी रिकाम्या बाटलीत तोच वायू पिंपाइतक्याच दाबाने भरून ठेवायचा. दोन्हीकडे दाब सारखा झाला की बिअरला उसळण्याचे कारणच उरत नाही. ती आपल्या वजनाने मुकाट्याने खाली उतरते. मग बाटलीतला दाब हळूहळू सोडायचा आणि झाकण ठोकायचे. भांडण मिटवायचे तर दोन्ही पक्षांना सारख्या आसनावर बसवावे, हे आपल्या पंचायतीतले शहाणपण यंत्रशास्त्रालाही उपयोगी पडले, असे म्हणावयास हरकत नाही.

दिवाणखान्यातली बंदूक

पहिला उपाय माणसाला अपघाताने सापडला, अशी इंग्लंडात एक आख्यायिका आहे. लंडनच्या सेंट पॉल्स कॅथीड्रलचे डीन अलेक्झांडर नॉवेल हे मोठे धर्मपंडित आणि तितकेच मोठे मासेमारीचे शौकीन. एकदा मासे धरायला गेले असता एलची बाटली ते गवतातच विसरले. काही दिवसांनी सापडली तेव्हा बूच काढताच तिचा बंदुकीसारखा बार झाला. टॉमस फुलर या लेखकाने आपल्या १६६२ सालच्या ग्रंथात ही हकीकत दिली असून इंग्लंडातल्या बाटलीबंद एलचा उगम तोच, असे तो म्हणतो. डीनसाहेब खरे होते, १५६० पासून १६०२ पर्यंत त्या पदावर होते. बाटलीची गोष्ट मात्र आख्यायिका म्हणूनच घ्यावी. परंतु आख्यायिकाही काही सांगत असते. बाटलीबंद बिअरची लोकांना पहिली आठवण राहिली ती चवीची नाही, आवाजाची.

याहून भरवशाचा पुरावा १६१५ सालचा आहे. जर्व्हेस मार्कम या लेखकाने गृहिणींसाठी एक पुस्तक लिहिले. त्यात एल बाटलीत कशी भरावी याची सूचना आहे : बाटल्या गोल आणि अरुंद तोंडाच्या घ्याव्यात, बुचे घट्ट बसवून मजबूत दोऱ्याने बांधावीत, आणि बाटल्या थंड तळघरात अर्ध्यापर्यंत वाळूत पुराव्यात. प्रत्येक सूचनेमागे अनुभव आहे. दोरा बांधायचा, कारण बूच उडते. वाळूत पुरायच्या, कारण थंडावा राहतो, आणि एक फुटली तरी शेजारच्या वाचतात.

इथे मी आपले लक्ष एका गोष्टीकडे विशेष वेधू इच्छितो. हे पुस्तक गृहिणीसाठी होते. बिअर करणे आणि भरणे हे त्या काळी स्वयंपाकाइतकेच घरातल्या बाईचे काम होते. लोणच्याच्या बरणीला दादरा बांधणारे आपल्याकडचे हात, आणि बुचाला दोरा बांधणारे तिकडचे हात, एकाच जातीचे होते. पुढे हे काम घरातून गेले ते कोणी बाईंना विचारून नव्हे. कारखाना आला, कर आला, परवाना आला, आणि गृहिणीची विद्या मागल्या दाराने बाहेर पडली.

वाळूत पुरलेल्या बाटल्याही फुटत, कारण काच नाजूक होती. गंमत अशी की मार्कमचे पुस्तक निघाले त्याच वर्षी, १६१५ साली, राजा पहिला जेम्स याने काचभट्ट्यांत लाकूड जाळण्यास मनाई केली. जहाजांसाठी ओकची झाडे हवी होती. भट्टीवाले कोळशाकडे वळले. कोळशाची आच कडक, तिच्यातून निघालेली काच काळसर पण मजबूत. आरमाराच्या काळजीतून जन्मलेली ही काळी काच वायूचा दाब सोसू लागली. कोणत्या हुकुमाचे फळ कोठे पिकेल, हे हुकूम काढणाऱ्यालाही कळत नाही.

दुसरी गोष्ट : माप

बाटली मजबूत झाली, पण सारखी झाली नाही. तोंडाने फुंकून केलेल्या दोन बाटल्यांचे पोट कधी सारखे नसे. त्यामुळे इंग्लंडात १६३६ साली दारू बाटलीच्या मापाने विकण्यासच बंदी झाली. गिऱ्हाइकाने दारू मापाने मोजून घ्यावी आणि मग आपल्या बाटलीत भरावी. पिंपावर सरकारी मोजणी होती, बाटलीवर नव्हती. पुढे सरकारने काचेवरच कर बसवला. वजनावर आकारलेला हा कर १७४६ पासून १८४५ पर्यंत, म्हणजे शंभर वर्षे, चालू होता. जाड बाटलीला जास्त वजन आणि जास्त वजनाला जास्त कर. परिणामी बाटलीतली बिअर श्रीमंताच्या टेबलावर, आणि पिंपातली बिअर मजुराच्या पेल्यात, अशी वाटणी पक्की झाली.

पिंप आणि बाटली यांच्यामध्ये सरकार कसे उभे राहते, याचे सर्वांत मासलेवाईक उदाहरण अमेरिकेतले आहे. यादवी युद्धाचा खर्च भागवण्यासाठी तिथल्या सरकारने १८६२ साली बिअरच्या दर पिंपावर एक डॉलर कर बसवला. पिंप ३१ गॅलनांचे. कर भरल्याची पावती म्हणजे पिंपाच्या बुचावर चिकटवलेले तिकीट. बूच उघडले की तिकीट फाटले पाहिजे. पिंप मोजता येते, त्यावर तिकीट लावता येते. बाटल्यांवर नजर ठेवणे कठीण. म्हणून कायद्याने ठरवले की बाटल्या भरण्याची जागा बिअरच्या कारखान्यापासून वेगळी असावी. परिणाम असा झाला की कारखान्यात बिअर पिंपात भरायची, तिकीट लावायचे, पिंप रस्त्यावरून पलीकडच्या इमारतीत लोळवत न्यायचे, तिथे उघडायचे, आणि मग बाटल्या भरायच्या. या फेऱ्यात वायू जाई, हवा लागे, मजुरांची पाठ मोडे. परंतु महसुलाचा हिशेब चोख राही.

हा प्रकार १८९० सालापर्यंत चालला. त्या वर्षी कायदा बदलला, आणि कारखान्यापासून बाटलीघरापर्यंत नळ टाकण्याची परवानगी मिळाली. मिलवॉकी शहरातले कॅप्टन फ्रेडरिक पॅब्स्ट हे या बदलासाठी झटणाऱ्यांपैकी प्रमुख. नळात मीटर बसले, पिंपाची मधली खेप वाचली. कर तोच राहिला, फक्त तो मोजण्याची जागा बदलली, आणि एवढ्या बदलाने बाटलीबंद बिअर मोठ्या प्रमाणावर शक्य झाली. दोनच वर्षांनी, २ फेब्रुवारी १८९२ रोजी, बाल्टिमोरच्या विल्यम पेंटरने दातेरी कडेच्या पत्र्याच्या झाकणाचे पेटंट घेतले. आरंभी त्याला २४ दाते होते, आता बहुधा २१ असतात. १९०३ साली मायकेल ओवेन्सचे यंत्र आपोआप बाटल्या करू लागले, आणि फुंकून केलेल्या काचेचा असमानपणा संपला. सतराव्या शतकातला मापाचा प्रश्न असा विसाव्या शतकात सुटला.

तिसरी गोष्ट : नाव

आता मुंबईकडे येऊ. कारण पिंपातून बाटलीत बिअर भरण्याच्या या इतिहासाशी आपल्या बंदराचा खराखुरा संबंध आहे.

अठराव्या शतकात कंपनी सरकारचे गोरे नोकर इथे आले तेव्हा त्यांची बिअरही जहाजाने आली. लंडनच्या पूर्वेस बो येथे जॉर्ज हॉजसनचा कारखाना होता. कंपनीच्या जहाजांचे कप्तान खासगी व्यापारासाठी त्याचा माल उधारीवर घेत. केप ऑफ गुड होपला वळसा घालून, विषुववृत्त दोनदा ओलांडून, कित्येक महिन्यांच्या प्रवासानंतर पिंपे कलकत्त्याला, मद्रासला, मुंबईला उतरत. मोठ्या पिंपाला हॉग्जहेड म्हणत; त्यात ५४ गॅलन मावे. काही माल तिकडूनच बाटल्यांत भरून येई, परंतु बराचसा पिंपात येई आणि इथे उतरल्यावर बाटल्यांत भरला जाई. बोटीच्या हेलकाव्यांनी आणि उष्म्याने पिंपातली बिअर चेतलेली असे. ती निवू द्यायची, बाटलीत घालायची, आणि पुन्हा वायू धरेपर्यंत आडोशाला ठेवायची. म्हणजे बिअर जन्माला आली टेम्सकाठी, पण बाटलीतले तिचे अखेरचे पिकणे इकडे झाले. पुढे १८२२ च्या सुमारास कंपनीचे एक संचालक मार्जोरीबँक्स यांनी बर्टन गावच्या सॅम्युएल ऑलसॉपला या व्यापारात आणले, आणि हॉजसनची मक्तेदारी मोडली.

आता विचार करा. कारखाना बर्टनला, पिंप मुंबईला, बाटली भरणारा तिसराच. घोट घेणाऱ्याने विश्वास कोणावर ठेवायचा? हाच प्रश्न विलायतेतही होता. बास आणि गिनेस यांसारखे मोठे कारखाने एकोणिसाव्या शतकात आपला फार मोठा माल पिंपांनी विकत. बाटल्या भरणारे व्यापारी निराळे. कोणी पाणी मिसळी, कोणी दुसऱ्याची हलकी बिअर चांगल्या नावाने खपवी. तेव्हा कारखान्यांनी नाव चिकटवण्यास आरंभ केला. गिनेसने १८६२ साली वीणेसारख्या हार्प वाद्याचे चित्र असलेली चिठ्ठी प्रचारात आणली. भरणाऱ्याचे नावही तिच्यावर असे. इंग्लंडात व्यापारचिन्हांच्या नोंदणीचा कायदा झाला, आणि १ जानेवारी १८७६ रोजी नोंदवले गेलेले पहिल्या क्रमांकाचे चिन्ह होते बासचा लाल त्रिकोण. एद्वार माने या फ्रेंच चित्रकाराने १८८२ साली पॅरिसच्या एका मद्यगृहाचे चित्र काढले. त्यातल्या टेबलावरच्या बाटल्यांवर तो लाल त्रिकोण स्पष्ट दिसतो. बर्टनचे पिंप पॅरिसच्या गिऱ्हाइकाने कधी पाहिले नव्हते. त्याने त्रिकोण पाहिला होता, आणि तेवढ्यावर तो पैसे मोजीत होता.

नावाला विज्ञानाचाही आधार मिळाला. पाश्चरने १८७६ साली बिअरवरचा आपला ग्रंथ प्रसिद्ध केला आणि बिअर नासते ती सूक्ष्म जंतूंमुळे, हे दाखवून दिले. कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत एमिल हान्सेनने १८८३ साली किण्वाची एकच शुद्ध जात वेगळी काढून वाढवली. तोवर कारखानदार नाव देत होता ते नशिबाच्या भरवशावर. आता ते ज्ञानाच्या भरवशावर देऊ लागला.

हक्काचा प्रश्न

दाब, माप, नाव या तिन्ही गोष्टी अशा रीतीने कारखान्याच्या हाती सुरक्षित झाल्या. मग मार्कमच्या त्या गृहिणीचे काय झाले?

इंग्लंडात १८८० साली ग्लॅडस्टनने माल्टवरचा कर उठवून बिअरवर बसवला, आणि त्याबरोबर घरी बिअर करणाऱ्यालाही परवान्याची अट आली. ती अट १९६३ साली अर्थमंत्री रेजिनाल्ड मॉडलिंग यांनी काढून टाकली. म्हणजे जे काम शतकानुशतके चुलीइतके घरगुती होते, ते त्र्याऐंशी वर्षे परवान्याचे काम होते.

अमेरिकेत याहून कठोर प्रयोग झाला. १९२० ते १९३३ संपूर्ण दारूबंदी. बिअरचे कारखाने डब्यांतून माल्टचा पाक विकू लागले, वरकरणी पाव-बिस्किटांसाठी. घरोघरी मातीच्या बरण्यांत बिअर आंबू लागली, हाताच्या यंत्राने झाकणे ठोकली जाऊ लागली. शिकवणारे कोणी नाही, पुस्तक उघड छापता येत नाही. आंबण्याची क्रिया पुरी होण्याआधीच बाटली बंद केली तर उरलेली साखर सगळी वायू होते, आणि बाटलीचा बाँब होतो. तळघरात रात्री-अपरात्री बाटल्या फुटण्याच्या कथा त्या पिढीने पुढच्या पिढीला सांगितल्या. डीन नॉवेलची बंदूक पुन्हा वाजू लागली. त्यात नवल नव्हते, कारण मार्कमचे पानच कायद्याने फाडून टाकले होते.

१९३३ साली बंदी उठली. घरी द्राक्षाची वाइन करण्यास मुभा मिळाली. घरी बिअर करण्यास मात्र मिळाली नाही. ही चूक दुरुस्त व्हायला पंचेचाळीस वर्षे लागली. १४ ऑक्टोबर १९७८ रोजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी कायद्यावर सही केली, आणि १९७९ च्या फेब्रुवारीपासून तो अमलात आला. एका प्रौढ माणसाच्या घरी वर्षाला १०० गॅलन, दोन किंवा अधिक प्रौढ असतील तर २०० गॅलन, स्वतःच्या उपयोगासाठी, करमुक्त, विकण्यास मनाई. तरीही राज्यांचे कायदे निराळे होते. अलाबामा आणि मिसिसिपी या राज्यांत ही मुभा २०१३ साली मिळाली.

या नव्या मुभेबरोबर घरात पुन्हा पिंप आले. लाकडाचे नव्हे, पोलादाचे. शीतपेयांच्या कंपन्या आपला पाक पाच गॅलनांच्या, म्हणजे सुमारे १९ लिटरच्या, उभ्या डब्यांतून हॉटेलांना पुरवीत. त्यांना कॉर्नेलियस पिंप म्हणतात. पुढे कंपन्यांनी पाक पुठ्ठ्याच्या खोक्यातल्या पिशव्यांतून देण्यास सुरुवात केली, आणि टाकाऊ झालेली ही पिंपे घरी बिअर करणाऱ्यांनी स्वस्तात उचलली. अशा पिंपातली बिअर सुमारे ४ अंश सेल्सियसला थंड करून तिच्यावर १२ पौंडांच्या आसपास वायूचा दाब काही दिवस ठेवला, म्हणजे तिच्यात आपल्या आकारमानाच्या अडीच पट वायू मुरतो. चार मित्र घरी आले तर पिंप पुरे. पण एखादी बाटली दूरच्या मित्राला पाठवायची असेल, तर जुना प्रश्न पुन्हा उभा राहतो.

तो माणूस तेव्हा काय करतो ते पाहा. बाटल्या धुऊन, निर्जंतुक करून, बर्फासारख्या गार करतो, कारण गार काचेवर फेस कमी उठतो. पिंपाचा दाब उतरवतो. बाटलीच्या तळापर्यंत पोहोचणारी बारीक नळी रबरी बुचातून आत सोडतो. आधी वायू, म्हणजे हवा बाहेर जाईल, मग समान दाब, मग बिअर. काठाशी थोडा फेस येऊ देतो, आणि फेसावरच झाकण ठोकतो, म्हणजे मध्ये हवेला जागा राहत नाही. वायूची टाकी नसलेला दुसरा कोणी जुन्या मार्गाने जातो : १९ लिटरांना शंभर-सव्वाशे ग्रॅम साखर, आणि दोन आठवड्यांचा धीर. शेवटी दोघेही बाटलीवर चिठ्ठी लावतात : कोणती बिअर, कोणत्या तारखेला भरली, कोणी भरली. विकायची नसतानाही नाव लावतात. चारशे वर्षांचा इतिहास तो माणूस स्वयंपाकघरातल्या ओट्यावर एका संध्याकाळी पुन्हा घडवतो, आणि त्याला ते ठाऊकही नसते.

उभी बाटली, आडवी बाटली

श्रोतेहो, आपल्या राज्याची गोष्ट निराळी आहे. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याचा वारसा आपल्याकडे आजही, नाव बदलून, चालू आहे. परवान्याविना घरी बिअर करणे इथे गुन्हा आहे. म्हणून मी जे सांगितले ते कृती म्हणून नव्हे, इतिहास म्हणून ऐकावे. त्या कायद्यामागचा हेतू मी हलका मानीत नाही. दारूने उद्ध्वस्त केलेली घरे पाहण्यासाठी आपणांस दूर जावे लागत नाही. २००८ च्या आदेशानुसार महाराष्ट्रातल्या गावांत आणि वॉर्डांत बाया मतदान करून दारूचे दुकान बंद करू शकतात. मतपत्रिकेवर दोन चिन्हे असतात, उभी बाटली आणि आडवी बाटली. ज्या माउलीने आडव्या बाटलीवर शिक्का मारला तिच्यासमोर मी बिअरच्या इतिहासाचा तोरा मिरवणार नाही. मार्कमच्या काळी बाटलीवर गृहिणीचा हात होता. आज आपल्या गावात त्याच बाटलीविरुद्ध गृहिणीचा हात उठतो. दोन्ही हात घर सांभाळणारेच आहेत.

परंतु एक गोष्ट तिच्याइतक्याच कळकळीने सांगितली पाहिजे. २०१५ च्या जूनमध्ये मुंबईत मालवणी येथे विषारी दारूने शंभरांहून अधिक माणसे दगावली. त्या दारूत मिथिल अल्कोहोल होते. ती कोणी केली, केव्हा केली, कोठल्या पिंपातून आली, हे पिणाऱ्याला सांगणारी एकही खूण तिच्यावर नव्हती. माप नव्हते, नाव नव्हते. मरणारे बहुतेक हातावर पोट असणारे होते. काचेवरच्या कराने इंग्लंडातल्या मजुराला बाटलीपासून दूर ठेवले, त्यात त्याचे फारसे बिघडले नाही. पिंप त्याच्या डोळ्यांसमोर होते. इथे गरिबाच्या वाट्याला डोळ्यांसमोरचे पिंपही नाही आणि नावाची बाटलीही नाही.

अमेरिकेच्या तळघरांतून आणि मालवणीच्या वस्तीतून निघणारा धडा मला एकच दिसतो. एखादी गोष्ट कायद्याने डोळ्यांआड केली म्हणजे ती नाहीशी होतेच असे नाही. पुष्कळदा फक्त तिच्यावरचे नाव नाहीसे होते. दारू असावी की नसावी, याचा निर्णय समाजाने करावा, आणि त्यात ज्यांची घरे पणाला लागली आहेत त्या स्त्रियांचा शब्द पहिला असावा. पण जोवर कोठेही, कोणत्याही पिंपातून कोणतीही बाटली भरली जात आहे, तोवर ती कोणाच्या हाताने भरली हे विचारण्याचा हक्क आपण सोडू नये. बाटली उभी असो की आडवी, तिच्यावर भरणाऱ्याचे नाव असले पाहिजे.

 माझ्या त्या वडीलधाऱ्या स्नेह्यांना एवढेच सांगतो, की बाहेर कोपऱ्यावर गोटीसोडा मिळतो. दाबाचे प्रात्यक्षिक तिथे होईल. सदरा तेवढा सांभाळावा.